तिच्या चुलीवरचे वाटीकेक

माझी नात रविवारी सकाळी ओव्हनसमोर मांडी घालून बसते आणि काचेतून आत बघत राहते. ज्याला ती मफिन म्हणते, त्याला मी वाटीकेक म्हणते, आणि माझ्या सासूबाई त्यालाच 'सोड्याची थेरं' म्हणायच्या. नातीला अंडी लागतात, लोणी लागतं, कागदाचे नक्षीदार कप लागतात. मला यातलं काहीच लागायचं नाही, कारण आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

रेशनच्या गव्हाचं पीठ दोन वाट्या, ज्वारीचं एक वाटी, गूळ, चमचाभर तेल, चिमूटभर सोडा, थोडी बडीशेप, आणि आंबलेलं दूध. दुधाची मात्र चंगळ होती. सासरे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळात डेअरीची गाडी कधी दहाला यायची, कधी एकला, आणि तोवर कॅनमधलं दूध आंबून जायचं. डेअरी ते परत पाठवायची आणि सासरे त्यातलं लोटाभर घरी आणायचे, तोंड आंबट करूनच. नदीत पाणी नव्हतं, वाळू मात्र हवी तेवढी होती. ती चाळून कढईत घालायची, तिच्यावर पीठ भरलेल्या आठ वाट्या मांडायच्या, वर परात झाकायची आणि परातीत निखारे ठेवायचे. अर्ध्या तासात केक फुगून वर येतात. हे मला अंबाजोगाईला माहेरी असताना शेजारच्या बेकरीवाल्या चाचींनी शिकवलं होतं.

पण ही थेरं मी सासूबाईंच्या चुलीवर करत नव्हते. तिथं माझी काय बिशाद! मी करायचे ती समोरच्या बंद घरात, दुसऱ्याच एका बाईच्या चुलीवर. तसं का, ते आधी सांगितलं पाहिजे.

आमचं गाव दिंद्रुडच्या अंगाला. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि निम्म्याहून जास्त गाव ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यांच्या मुलखात जातं. टोळी बांधणाऱ्याला मुकादम म्हणतात. आमच्या गावचा मुकादम म्हणजे माझा धाकटा दीर. जाणारा माणूस घराला कुलूप लावून किल्ली ओळीतल्या, गावातच मागं राहणाऱ्या एका बाईकडे देतो. आणि तिनं आठवड्यातून एकदा ते घर उघडायचं, झाडायचं, चूल पेटवायची. चूल गार पडली तर गेलेल्यांपैकी एखादा परत येत नाही, असं मानतात. मी तालुक्याच्या गावात शिकलेली. पहिल्या वर्षी मी हसले होते. सासूबाईंनी नुसतं बघितलं माझ्याकडे, मग मी हसले नाही.

त्या वर्षी समोरची बाई किल्ली द्यायला आली तेव्हा तिला चार-पाच महिने गेले होते. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असेल. डाव्या पायाची करंगळी कोयत्यानं गेलेली, त्यामुळे चालताना पाऊल जरा आत टाकायची. तिची आधीची दोन्ही बाळं थंडीच्या दिवसांत उसाच्या फडात, पाचटानं शाकारलेल्या कोपीत जन्मली आणि तिथंच गेली.

"वैनी, दर आयतवारी चूल पेटवा माजी," ती म्हणाली. "इसरू नका. हे जगलं पायजे."

मी शब्द दिला. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वरून माझी मूठ दोन्ही हातांनी दाबून बंद केली. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही म्हणून मी देवघरातल्या दिव्याकडे हात करून पुन्हा शब्द दिला.

ट्रक गेले आणि गाव कुलपांचं झालं. ओळीत अकरा घरं, नऊ कुलपं. कुत्री देखील कुठंतरी निघून गेली होती. माणूस नसलेल्या गावात सकाळी दहाला जी शांतता असते, तिची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. आपल्याच पावलांचा आवाज भिंतीवर आपटून मागून यायचा आणि मी थांबले की एक पाऊल उशिरा थांबायचा.

रविवारी जळण जाळायचंच आहे, तर फुकट का जाळा, म्हणून मी माझा पिठाचा डबा, गुळाची ढेप आणि वाट्या तिच्याच घरी नेऊन ठेवल्या. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करायचा, चूल जागी करायची आणि निखाऱ्यांवर केक. एका जाळात शब्दही पाळला जायचा आणि घरी रविवारचा नाश्ताही व्हायचा. सासूबाई नावं ठेवत दोन-दोन खायच्या.

संक्रांतीला मी माहेरी गेले आणि एक रविवार चुकला. परत आल्यावर मी कुणाला बोलले नाही. पुढच्या रविवारी कुलूप काढलं तेव्हा घर नेहमीपेक्षा गार लागलं. मी मुद्दाम दुप्पट जाळ केला, जणू त्यानं मागचं फिटणार होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी पहिली गोष्ट घडली. केक वाळूवरून काढून परातीत ठेवले, अंगणात जाऊन पऱ्हाट्यांचा भारा बांधला, परत आले. वाट्या आठ होत्या, केक सात, आणि आठवी वाटी रिकामी, पालथी. मांजर म्हणावं तर मांजर वाटी उलटी करून जात नाही. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मीच मोजायला चुकले. त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला पाण्यावरून फैलावर घेतलं. टँकरचं पाणी आम्ही अंगणातल्या पिंपात भरून ठेवायचो, आणि रोज सकाळी ते दोन-तीन तांबे कमी भरायचं.

"डोकं धुतीस का चोरून?" त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, माझ्या केसांचा वास घेऊन बघा, म्हणजे कळेल," मी म्हटलं. त्यांनी खरंच घेतला आणि नाक मुरडलं.

त्या आठवड्यातच सोसायटीच्या फोनवर दिराचा निरोप आला. गावात फोन तेवढा एकच. सासरे घरी आले, टोपी काढून हातात धरली आणि उभ्याउभ्याच सांगितलं की समोरची बाई पंधरा दिवसांपासून फडात नाही. तिनं बाळंतपणाला गावी जायची सुट्टी मागितली होती, दिरानं दिली नव्हती. आता टोळीतले लोक म्हणतात, कालव्यात गेली. नवरा काठाकाठानं शोधत फिरतोय.

मला एकच गोष्ट आठवली, संक्रांतीचा रविवार. मी हिशेब लावला, तारखा जुळत होत्या. शिक्षण, अंबाजोगाई, सगळं गळून पडलं. मीच तिला मारलं, असं मला त्या वेळी अगदी खरं वाटलं आणि ते मी कुणाला सांगू शकले नाही.

पुढच्या रविवारी मी गेले ती भीतीनंच. निदान आता तरी चूल चुकवायची नाही, एवढंच डोक्यात होतं. पहिली खेप वाळूवरून काढून परातीत ठेवली, दुसऱ्या खेपेसाठी जमिनीवर कागद पसरून पीठ चाळत होते. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. दुष्काळात त्या हॉर्नपुढे काहीच थांबत नाही. मी उठले, चाळणी हातातून सुटली, पीठ कागदाबाहेर सगळीकडे सांडलं. बाहेरून कडी लावली आणि घागरी घेऊन पळाले. तासाभरानं परत आले. कडी लावली होती तशीच होती.

आत पिठावर एक पाऊल उमटलेलं होतं. बाईचं, अनवाणी, डावं. बोटं चार.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या जागी पीठ किंवा राख पसरतात, दिवा लावतात, पाटीखाली, म्हणजे टोपलीखाली, झाकतात. सकाळी पाटी उचलून बघतात, काय उमटलंय. पक्ष्याचा पाय, नागाची रेघ, माणसाचं पाऊल. त्यावरून गेलेला कुठं गेला ते समजतं. मी पीठ पसरलं नव्हतं, सांडलं होतं. पण ते पाऊल बघून मी मागच्या मागं दारापर्यंत सरकले. परातीतले दोन केक गेले होते, तेही मला नंतर दिसलं.

मी सासूबाईंना घेऊन आले. त्या वाकल्या, बराच वेळ बघितलं, बोटानं न शिवता चार बोटं मोजली.

"तिचंच हाय," त्या म्हणाल्या. "घर बघाया आली."

पावलावर पाटी पालथी घातली. शेजारी दिवा लावला. गावात उरलेली आठ-दहा म्हातारी माणसं दारात जमली आणि जे करतात ते केलं. तिचं नाव घेऊन बायका रडल्या, दोन बाळांच्या मागं गेलीस म्हणाल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं रडले. मग सासूबाईंनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि सांगितलं की आता नवरा येईपर्यंत या घरात चूल पेटवायची नाही. गेलेल्या माणसाला ऊब दिली तर ते जागा सोडत नाही.

दोन रविवार तसेच गेले. घरी नाश्त्याला भाकरीचा कुस्करा. मी दारात बसले की समोरचं कुलूप दिसायचं. ऐन दुपारी, कडक उन्हात, मला त्या दारामागं कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी नजर फिरवली तरी ते वाटणं फिरायचं नाही. पिंपातलं पाणी कमी होतच होतं. सासूबाईंनी आता त्यावर बोलणं सोडून दिलं होतं, आणि ते मला जास्त भयंकर वाटायचं.

शेवटी मला त्या घरात जावं लागलं ते वाट्यांपायी. डेअरीचे साहेब सोसायटीत येणार, जेवायला आमच्याकडे, आणि लग्नातल्या बारा वाट्यांच्या संचातल्या आठ त्या घरात. सासूबाई म्हणाल्या, "दुपारी जा, उजेडात, आणि मागं बघू नको."

मी कुलूप काढलं. आत पाटी तशीच, दिवा विझलेला. चुलीपाशी कोनाड्यात माझ्या आठ वाट्या. मी त्या दिवशी पळाले तेव्हा त्या पिठानं, गुळानं बरबटलेल्या होत्या. आता त्या राखेनं घासलेल्या, लखलखीत, एकावर एक पालथ्या घातलेल्या होत्या.

मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. मागं बघू नको म्हटलं होतं, पण माझा स्वभावच मेला तसा नाही. आणि भीतीच्या मधूनच मला राग आला, स्वतःचा. भुतं भांडी घासत नाहीत. घासली तरी पाणी निथळायला पालथी घालत नाहीत. पिठाचा डबा उघडला, तो तळाला गेला होता. गुळाच्या ढेपेवर दातांच्या खुणा होत्या.

"कोण आहे?" मी म्हटलं. 

मग मी वेगळंच केलं. खाली बसले आणि चूल पेटवली. डबा खरवडून जे निघालं त्यात गूळ कालवला, दूध नव्हतं तर पाणी घातलं, दोन वाट्या भरल्या.  वाळू तापली, वास सुटला. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "मी भाऊजींना सांगणार नाही. देवघरातल्या दिव्याची शपथ. पण तू जर मेलेली असशील तर बाहेर येऊ नको, बाई, माझा जीव जाईल."

जुन्या घरांत धान्य साठवायला भिंतीआड एक अंधारी खोली असते, तिला बळद म्हणतात. दुष्काळानं ती केव्हाच रिकामी झालेली. तिच्या तोंडावरची फळी हलली आणि ती बाहेर आली. पोट पुढं, बाकी नुसती हाडं, केसांत कोळिष्टकं. मी किंचाळले नाही. मला नुसतं रडू आलं.

उसाच्या ट्रकमधून, मग एसटीनं आणि शेवटचे चार कोस रानातून पायी, अशी ती आली होती. मागच्या दाराची कडी बाहेरून काडी घालून निघते, हे तिलाच माहीत होतं. पहाटे आमच्या पिंपातून पाणी न्यायची. धूर दिसेल म्हणून तिनं स्वतःची चूल एकदाही पेटवली नव्हती. माझे केक बंद झाल्यावर ती कच्चं पीठ कालवून खात होती.

"मला कावून नाही हाक मारलीस?" माझ्याही तोंडात तिची भाषा आली.

"तुमच्या घरात कशी मारू, वैनी? मुकादमाचंच घर ते. लगी फोन गेला आसता." ती केक हातात धरून बसली होती, खात नव्हती. "मग तुमी समदे आलाव. दिवा लावलाव. माजं नाव घेऊन रडलाव. मी बळदातून ऐकत व्हते. पयल्यांदा हसू आलं. मग आयकता आयकता वाटाया लागलं, मी खरंच कालव्यात गेलते का काय. आन् हितं नुसतं मन आलंय. तवापास्नं बोलायचं भ्याच वाटतंय. बोलले आन् तुमाला ऐकूच न्हाई आलं तर?"

मी तिचा हात धरला. तो गार होता, पण हात होता.

सासूबाईंना सांगावंच लागलं. दीर म्हणजे त्यांच्या पोटचा पोरगा, त्यामुळे त्या काय करतील याचा मला अंदाज नव्हता. त्या आल्या, तिच्या पोटावर तळवा ठेवून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "माज्या पोराच्या टोळीत हिची दोन गेली. तिसरं माज्या दारात जाऊ देयाचं न्हाई." आणि माझ्याकडे वळून, "ही मेलीय. समद्या गावानं दिवा लावलाय. आता बाळतीण होस्तोवर मेलेलीच ऱ्हाऊ दे."

तसं ती महिनाभर मेलेली राहिली, आमच्या मागच्या खोलीत. दिराचा फोन आला तेव्हा सासूबाई स्वतः सोसायटीत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फोन हातात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "दिवा लावला बाबा आमी तिचा." त्यात खोटं काहीच नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही कळवलं नाही. रडणाऱ्या माणसावर कुणी शंका घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार क्रूर वाटलं आणि अजूनही वाटतं, पण मी अडवलं नाही.

त्या महिन्यात ती रोज सकाळी मी चहा घेऊन गेले की विचारायची, "वैनी, मी दिसते का?" मी थट्टेनं म्हणायचे, "चांगली ढोलाएवढी दिसतेस." ती हसायची नाही. चहा गरम आहे का, ते बोट बुडवून बघायची. समोरच्या ओळीतल्या म्हाताऱ्या तिच्या दारावरून जाताना पदर ओढून घ्यायच्या, आणि ती आमच्या खिडकीच्या फटीतून ते बघायची. कधी कधी तिच्याजवळ बसले असताना मलाही क्षणभर वाटून जायचं की आपण एकट्याच बसलो आहोत.

होळीच्या आधी तिला मुलगी झाली. सासूबाईंनी आणि सुईणीनं मिळून सोडवली. मुलगी असं काही ओरडली की लपवण्यात अर्थच उरला नाही. सासऱ्यांनी त्याच दिवशी फोन करून तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. दिराला काय बोलले ते मला माहीत नाही, पण पुढची तीन वर्षं दीर माझ्या हातचं जेवला नाही.

बाराव्या दिवशी रविवार होता. ती म्हणाली, चूल पेटवायला मीच जाते. आम्ही तिघी गेलो, सासूबाईंच्या हातांवर मुलगी. ती पाटी अजून तिथंच पालथी होती, कुणी उचलायला धजलं नव्हतं. तिनं ती स्वतः उचलली. खालचं पीठ किड्यामुंग्यांनी नेलं होतं, पाऊल उरलं नव्हतं. त्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली.

मी कागद पसरून नवं पीठ चाळायला घेतलं. ती उठून जवळ आली, लुगडं जरा वर धरलं आणि डावा पाय त्या पिठावर ठेवला. एरवी पिठावर पाय म्हणजे पाप, पण सासूबाईंनी तो ठेवू दिला. तिनं सगळा भार देऊन पाय दाबला, मग उचलला आणि वाकून बघितलं. चार बोटं, टाच, सगळं स्वच्छ उमटलं होतं.

"हाय," ती म्हणाली. "वैनी, बघा. हाय मी."

दुष्काळात पीठ टाकून देता येत नाही. मी ते गोळा केलं, पुन्हा चाळलं आणि आठ वाट्या भरल्या. पहिला केक तिनं वाळूवरून उतरताच उचलून तोंडात घातला. तोंड भाजलं. भाजलं म्हणून ती कितीतरी वेळ रडत होती, आणि आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही.